तुरुंग अधिकाऱ्यांना बंद्यांच्या हक्कांचं प्रशिक्षण देऊन कारभार खरंच सुधारतो का? त्यात नेमकं काय शिकवावं?

समाजकार्याचे विद्यार्थी दिसता. सुधारतो. पण माझं उत्तर तुमच्या प्रकल्पात बसेलच असं नाही, कारण प्रश्न वाचल्यावर मला एक जुनी फाईल आठवली आणि आता ती सांगितल्याशिवाय झोप लागायची नाही.

एकतीस वर्षं तुरुंग खात्यात काढली, आता नाशिकला गंगापूर रोडला असतो. नाशिककरांना तुरुंग म्हटलं की जेल रोड आठवतो, म्हणजे क्लासेस, भाजीवाले आणि रिक्षा. गणपतीच्या आधी बंद्यांनी घडवलेल्या मूर्ती घ्यायला लोक जातात, साने गुरुजी इथे होते हे पाहुण्यांना सांगतात. आत एखादा माणूस का बसलाय आणि कधीपर्यंत बसणार, याचा हिशेब कोण ठेवतं, हे मात्र एकानंही मला कधी विचारलं नाही. तुम्ही निदान जवळपास तरी आलात.

गोष्ट नाशिकरोडची नाही. दुसऱ्या जिल्ह्यातली, तुरुंगाचं नाव घेत नाही. माझ्याकडे न्यायाधीन, म्हणजे खटला अजून न संपलेल्या, बंद्यांचं टेबल होतं. दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी जामीन पेटी, म्हणजे कोर्टाचे सुटकेचे आदेश टाकायची पेटी, उघडली, त्यात एक आदेश निघाला. बंदी सुरगाण्याकडचा, द्राक्षाच्या कामाला गेलेला, मारामारीच्या गुन्ह्यात अडकलेला. गुन्हा क्रमांक जुळला, पोलीस ठाणं जुळलं, कलमं जुळली, वय जुळलं. वारंटवर, म्हणजे कोर्टानं त्याला आत पाठवलं त्या कागदावर, बापाचं नाव 'निवृत्ती' होतं, आदेशावर 'निवृत्तीनाथ'. मी लाल शाईनं शेरा मारला, 'वडिलांचे नाव जुळत नाही, दुरुस्ती होऊन यावे', आणि आदेश परत लावला. दोन मिनिटांचं काम. त्यानंतर चहा प्यायलो हेही आठवतंय.

कोर्टाला दिवाळीची सुटी लागली. वकील गावाला. सोमवारी त्या बंद्याची बायको मुलाखतीला आली, कडेवर पोर, दोन एसट्या बदलून. मुलाखत झाल्यावर ती ऑफिसच्या खिडकीशी आली आणि म्हणाली, "साहेब, सासऱ्याचं नाव लांब झालं म्हून माणूस बदलला का?" मी म्हणालो, "बाई, कोर्टातून दुरुस्ती आणा." ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली, पुन्हा तेच. कोर्ट उघडलं, कागद फिरला, माणूस सुटला. एकोणीस दिवस. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज, सगळं आत.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस निर्दयी होता. नव्हतो हो. घाबरलेला होतो. माझ्या आधी त्या टेबलावर बसणाऱ्यानं एकाच नावाच्या दोघांतला भलताच सोडला होता. निलंबन, खातेनिहाय चौकशी, वेतनवाढी गेल्या, मुलीचं लग्न पुढे ढकललं. मी त्याच्याच खुर्चीवर बसत होतो. खात्यात चुकून सोडलं तर माणूस संपतो, चुकून ठेवलं तर कुणी नोटीसही काढत नाही. एकोणीस दिवसांबद्दल मला कुणीही, कधीही, तोंडी सुद्धा विचारलं नाही. प्रशिक्षणात पहिल्या दिवशी हेच फळ्यावर लिहायला हवं असं माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

त्यानंतरच्या वर्षी येरवड्याला, दौलतराव जाधव प्रशिक्षण महाविद्यालयात, काही दिवसांच्या वर्गाला पाठवलं. आम्ही वैतागूनच गेलो. पहिले दोन दिवस घटनेचं कलम 21, संयुक्त राष्ट्रांचे नियम, तुरुंगातल्या छळाविरुद्धचा सुनील बत्रा खटला, टाचण आणि जेवणानंतरची झोप. तिसऱ्या दिवशी एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश आले. भाषण नाही. प्रत्येकापुढे बारा फायलींचा गठ्ठा ठेवला: वारंट, आदेश, शिक्षेचा आणि माफीचा, म्हणजे शिक्षेतून वजा होणाऱ्या दिवसांचा, हिशेब. म्हणाले, "जेवणापर्यंत सांगा, यातली किती माणसं आज घरी असायला हवी होती." कुणी दोन म्हणालं, कुणी तीन. सात होती. एकाचे माफीचे दिवस वजाच केले नव्हते. एकानं कलमातल्या कमाल शिक्षेची निम्मी मुदत खटला न संपता काढली होती, म्हणजे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं जामिनाचं कलम 436 अ लागू होतं, पण अर्ज कुणी केला नव्हता. सातव्या फाईलमध्ये बापाच्या नावाचा घोळ होता. माझे कान गरम झाले.

मग त्यांनी बिहारमधल्या रुदुल साहची हकिगत सांगितली. 1968 साली निर्दोष सुटलेला माणूस मुझफ्फरपूरच्या तुरुंगातून बाहेर आला 1982 साली. सर्वोच्च न्यायालयानं 1983 साली भरपाई दिली, आधीचे पाच हजार धरून पस्तीस हजार रुपये. वर्गात कुणी हसलं नाही, कुणी डुलक्याही घेतल्या नाहीत. चहाच्या वेळी मी न्यायाधीशसाहेबांना आडून विचारलं, नाव जुळत नसेल तर आम्ही काय करायचं? त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "टेबलावर फोन नव्हता?"

होता की. काळा, डायलचा नव्हे, बटणांचा. चालू होता.

परत आल्यावर मी शंभर पानी वही घातली. कुणाचा आदेश आला, कशावर अडला, कुणाला फोन केला, काय उत्तर आलं. रोज सकाळी अधीक्षकांपुढे ठेवायची. पहिल्या साहेबांनी वर्षभर न वाचता सही केली. दुसरे आले, त्यांनी पहिल्याच दिवशी पेन खाली ठेवून विचारलं, "हा पाचव्या ओळीतला अजून आत का?" त्या दिवसापासून टेबलाची चाल बदलली. शिपाईसुद्धा आदेश घेऊन पळत यायला लागले. तुमच्या प्रश्नाचं जे काही उत्तर माझ्याकडे आहे ते एवढंच. आम्हा खालच्यांना शिकवून फाईल वर जाते. वरच्याला ती वाचायला शिकवलं नसेल तर तिथेच कुजते.

म्हणून काय शिकवावं, तर आधी रजिस्टर. मंडेला नियम म्हणून जे 2015 साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारले, ते जरूर वाचा. पहिल्या पाच नियमांत तत्त्वं सांगून झाली की सहाव्यापासून थेट बंद्याची नोंद कशी ठेवायची यावर येतात. आणलं कुठल्या दिवशी, किती वाजता, सुटला किती वाजता. अन्न, औषध सगळं नंतर. लिहिणाऱ्याला तुरुंग कळत होता. भारतातही बघा, जातिभेदाच्या निकालात ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काय सांगितलं? तुरुंगाच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढा. जात बघून झाडू हातात देण्याची रीत त्या रकान्यातूनच तर चालत होती. आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्यानं कमाल शिक्षेची एक तृतीयांश मुदत काढली, इतरांनी निम्मी काढली, की कोर्टात अर्ज करायची जबाबदारी अधीक्षकांची. त्याला अपवाद आहेत, ते तुम्ही बघाल. पण दिवस मोजणारं टेबल झोपलेलं असेल तर कायदा काय करणार?

हे कुणाला किरकोळ वाटत असेल तर 2022 च्या अखेरचे आकडे घ्या. देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं, जागा 4,36,266 ची, आणि त्यातले 4,34,302 न्यायाधीन. म्हणजे चारातले तीन लोक असे, की ज्यांचा आजचा मुक्काम फक्त कागदावर ठरतो. 2021 साली एका नटाच्या मुलाची सुटका एका रात्रीनं लांबली, कारण आर्थर रोडच्या जामीन पेटीत आदेश वेळेत पडला नाही. सगळ्या देशानं ती पेटी टीव्हीवर पाहिली. माझ्या सुरगाण्याच्या माणसाच्या एकोणीस रात्री कुणी पाहिल्या? 2023 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जामीन आदेश ई-मेलनं थेट तुरुंगात पाठवा, आणि सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, म्हणजे गरिबांना मोफत वकील देणाऱ्या यंत्रणेला, कळवायचं. वाचून बरं वाटलं. थोडा रागही आला. माझी वही तीच होती.

आता माझ्या बॅचमेटबद्दल, कारण तो हे वाचणार. तोही नाशिकलाच स्थायिक झालाय. रोज सकाळी गोल्फ क्लबवर आम्ही चालतो, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर. ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या पोराच्या नावाच्या मैदानावर दोन रिटायर जेलर फेऱ्या मारतात, आणि वाद कायम एकच. तो म्हणतो, "अरे, नियमाप्रमाणे शेरा मारलास, चूक कोर्टाच्या कारकुनाची, तू कशाला जिवाला लावून घेतोस? हक्कांचे वर्ग म्हणजे कैद्यांचे लाड." मी पंधरा वर्षं सांगतोय, की बाबा, सुटकेचा आदेश निघालेल्या माणसाला सोडणं हा लाड कसा? तो मग विषय बदलून क्वार्टरच्या गळतीवर येतो.

गळतीवर, म्हणजे शिपायांच्या हालांवर, तो बरोबर आहे, हेही लिहून टाकतो. दोन माणसांची ड्यूटी एकानं करायची, सुटी मागायची तर साहेबांच्या मागे फिरायचं, आणि वर हक्कांवर व्याख्यान ऐकायचं, तर शिपाई चिडणारच. तुरुंग सुधारणेसाठी नेमलेल्या मुल्ला समितीनं 1983 सालीच तुरुंगांसाठी वेगळी अखिल भारतीय सेवा सुचवली होती, ती झाली नाही. वरची खुर्ची पोलिसांतल्या आयपीएस साहेबांची, ती तुरुंगाची भाषा शिकतात तोवर बदली येते. आणखी एक, मघाशी जोरात लिहिलं पण रजिस्टर नीट असलं म्हणून बराकीतली मारहाण थांबत नाही. त्याला अचानक फेरी मारणारा अधीक्षक आणि बाहेरून तपासणीला येणारे अभ्यागत लागतात. त्याबद्दल मी कमी लिहिलं, कारण तिथे मी स्वतः फारसं काही केलं नाही. शिवाय माझा काळ ई-प्रिझनच्या, म्हणजे बंद्यांच्या नोंदी संगणकावर येण्याच्या, आधीचा. आता स्क्रीनवर सगळं दिसतं म्हणतात. दिसत असेल.

बॅचमेटचं म्हणणं आहे की एकोणीस नव्हे, सतराच दिवस, कारण पहिला शनिवार-रविवार ऑफिस बंद होतं, ते धरायचे नाहीत. माझ्याकडे वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही तारखा लिहिलेल्या आहेत, सुटकेची वेळसुद्धा, सकाळी अकरा दहा. उद्या वही मैदानावर नेणार आहे.