पहिलारू डुकरीण व्याली, ११ पैकी २ पिल्लं गेली: चुकलं काय?

उरलेल्या नऊपैकी एक पिल्लू मलूल पडलंय म्हणता, आधी त्याच्याकडे जा, माझं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. त्याच्या तोंडात करंगळी घालून बघा. आतून गार लागलं तर ते गारठलंय, आणि गारठलेल्या पिल्लात लुचायची ताकद नसते. लगेच दूध पाजायला जाऊ नका, ठसका लागून ते फुफ्फुसात जाईल. आधी कोमट पाण्यात मानेपर्यंत धरा, खडखडीत कोरडं पुसा, फडक्यात गुंडाळून ऊब देणाऱ्या विजेच्या दिव्याखाली ठेवा. पाय झाडायला लागलं, बोट चोखायला लागलं की मग चीक. पहाटे व्याली म्हणता, म्हणजे अजून २४ तास व्हायचेत. डुकराच्या पिल्लाला आईच्या पोटात रोगप्रतिकारशक्ती मिळतच नाही, मिळते ती चिकातून, आणि त्याचं आतडं ती जेमतेम एक दिवस शोषून घेतं. त्यातले पहिले सहा तास सगळ्यात मोलाचे. ते गेले असले तरी आज पोटात जाईल तेवढा चीक फुकट जाणार नाही.

तर तुमची हकीकत: रात्रभर घरातली सगळी माणसं दिवे घेऊन भोवती, ११ पिल्लं झाली, एकाला तिने चावून मारलं, एक सकाळी तिच्या अंगाखाली सापडलं. आणि आता तिला दूधच नाही असं वाटतंय, कारण सड पिळले तर काही येत नाही.

दुधाचं आधी सांगते, कारण इथे नवी माणसं हटकून घाबरतात. गाईच्या कासेत दूध साठायला जागा असते, डुकरिणीच्या सडांवर तशी पिशवी नसते. व्यायच्या वेळी चीक सतत पाझरत असतो, पण काही तासांनी ते थांबतं आणि पुढे ती पाऊण-एक तासाने एकदा पान्हा सोडते. तोही किती वेळ? १५-२० सेकंद. आज एकदा तिच्याजवळ नुसतं बसून बघा. ती आडवी होऊन हळू घुरघुरायला लागेल, पिल्लं नाकाने कास ढोसतील, मग घुरघुर एकदम जलद होईल. त्या क्षणी ढोसणं थांबतं, सगळी पिल्लं कान मागे टाकून गप्प लुचतात, गटगट आवाज येतो. तेवढंच जेवण. ते संपलं की परत ढोसाढोशी. तुम्ही पिळलेत ते मधल्या वेळात. पिल्लांची पोटं गोल दिसत असतील आणि ती गटागटाने झोपत असतील तर दूध आहे.

मलूल पिल्लासाठी चीक काढायचा तर याच १५-२० सेकंदांत वाटी धरा. गाईचा किंवा शेळीचा चीक मिळाला तर तोही चालतो. तोंडाच्या कडेने थेंब थेंब, एका वेळी १०-१५ मिली, दर तासाला. मधून चार-पाच धष्टपुष्ट भावंडं तासभर खोक्यात बाजूला काढा, म्हणजे धाकट्यांना सड मोकळे मिळतात. खोकं मात्र उबदार हवं.

आता चावण्याबद्दल. ती "राक्षसीण" नाही. पहिलारू डुकरिणीत हे दिसतं. कळा, भीती, आणि तोंडासमोर अचानक ओरडणारं काहीतरी. त्यात भोवती गर्दी आणि उजेड. घाबरलेल्या जनावराच्या कळाही मंदावतात. पुढच्या वेळी एकच माणूस, तिच्या ओळखीचा, तिच्या पाठीच्या बाजूला बसलेला पुरे. ती पिल्लांवर धावायला लागली तर पिल्लं एकेक करून उबदार खोक्यात ठेवा आणि सगळं आटोपून ती शांत झाली की एकदम कासेला लावा. बहुतेक वेळा मग ती मुकाट घेते. पुढच्या वितालाही तिने हेच केलं तर मात्र मी तिला ठेवणार नाही.

आदल्या दिवशी ती सिमेंट नाकाने खणत होती, रागावली होती, असं तुम्ही लिहिलंय. तो राग नव्हे, घरटं करणं. माझी पहिली डुकरीण पेंढा तोंडात धरून कोपऱ्यात रचत होती आणि मी तो पसारा समजून दोनदा झाडून काढला. तिसऱ्यांदा तिने माझ्या हातातला झाडूच ओढून घेतला आणि घरट्यात घातला! त्या रात्री ती व्याली. गाभणकाळ ११४ दिवसांचा, दोन दिवस इकडे-तिकडे. सडातून दुधाचा थेंब आला आणि घरटं सुरू झालं की एक दिवसाच्या आत व्यायची.

दोन पिल्लांत २५ मिनिटं गेली म्हणून तुम्ही हात घालायच्या बेतात होतात. घातला नाहीत ते उत्तम. तेवढं अंतर पडतं. मागचे पाय आधी आले तरी ते नेहमीचंच. पण ती जोर करतेय आणि अर्धा-पाऊण तास काहीच नाही, तर डॉक्टर. कळांचं इंजेक्शन स्वतः कधी टोचू नका. पिल्लू आडवं अडकलं असेल तर त्याने नुकसानच होतं.

चेंगरलेलं पिल्लू हे खरं दुखणं, आणि पुढचे तीन दिवस हीच भीती मोठी. पिल्लाला सुरुवातीला ३२ ते ३५ अंश ऊब लागते, आईला एवढी उष्णता सोसत नाही. ऊब फक्त आईच्या अंगाशी असेल तर पिल्लं तिलाच चिकटून झोपणार आणि ती बसताना तिच्या खाली येणार. म्हणून दिवा तिच्यापासून दूर, आडोशाच्या कोपऱ्यात, तिच्या तोंडाला वायर न लागेल असा पक्का बांधा. पिल्लं एकमेकांवर रचून झोपली तर ऊब कमी, दिव्यापासून लांब पांगली तर जास्त, शेजारी शेजारी पसरली तर बरोबर. भिंतीपासून आणि जमिनीपासून साधारण वीतभर अंतरावर आडवा पाइप बसवा, म्हणजे ती भिंतीला टेकून बसली तरी पिल्लाला निसटायला फट राहते.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून लोहाचं इंजेक्शन द्याच. दुधातून लोह नगण्य मिळतं आणि सिमेंटवरच्या पिल्लांना मातीही मिळत नाही. पांढुरकी पडून खंगतात. पिल्लांचे दात कापायची घाई मी करत नाही, आईच्या सडांना जखमा दिसल्या तरच.

तिच्यासाठी पाणी भरपूर, खाणं दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढवत न्या. ती पोटावर झोपून कास लपवत असेल, कास दगडासारखी लागत असेल, खात नसेल किंवा ताप ४० अंशांवर गेला, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा. एका दिवसात दूध आटतं. वार, म्हणजे पिल्लांमागून पडणारा जार, पडली का तेही बघा, आणि पडली असेल तर उचलून टाका.

आणि मलूल पिल्लाच्या पाठीवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा. रात्री दोन वाजता नऊच्या नऊ सारखीच दिसतात.