मिल्टनचे बाक

अगं,

तुझा मिल्टनवरचा मसुदा वाचला. नॉर्थ कॅरोलायनातलं ते एवढंसं गाव आणि तिथलं प्रेस्बिटेरियन चर्च छान उभं केलंयस. पण आतल्या बाकांची बोळवण तू एका ओळीत केलीस: ‘बाक जुने आहेत.’ ते बाक थॉमस डे या कृष्णवर्णीय सुताराच्या कारखान्यातले आहेत! त्या चर्चमध्ये बघण्यासारखं सर्वांत जास्त तिथेच आहे.

पुढच्या खेपेला बाकाच्या टोकाशी खाली बस. हात टेकायची कड कशी लपेट घेत उतरते, ते बोट फिरवून बघ. मग डेने आसपासच्या घरांत केलेल्या जिन्यांचे पहिले खांब बघ. तिथे हाच लपेट मोठा होऊन येतो. कागदपत्रं त्यानंतर उघड.

डे 1801 साली व्हर्जिनियात जन्मला, तोही स्वतंत्र, म्हणजे कुणाचा गुलाम नसलेला. पुढे तो मिल्टनला येऊन राहिला. तरी बायकोला, अक्विलाला, तिकडून मिल्टनला आणता येईना. परराज्यातल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांना नॉर्थ कॅरोलायनात यायला बंदी होती. तेव्हा 1830 मध्ये गोऱ्या गावकऱ्यांनीच विधिमंडळाकडे अर्ज करून तिच्यापुरती सूट मिळवली. माणुसकी म्हण हवं तर. मला त्यात चांगला सुतार हातचा जाऊ नये हा हिशेब जास्त दिसतो.

चर्चमध्ये गोऱ्यांच्या बरोबरीने बसू द्याल तरच बाक करून देतो, अशी अट डेने घातली म्हणतात. गोष्ट झकास आहे, म्हणूनच जपून. ‘गावात असं सांगतात’ एवढंच लिही. नवराबायको त्या चर्चचे सभासद होते, हे मात्र बेलाशक लिही.

आणि हे गाळू नकोस: डेच्या मालकीचे गुलाम होते, आणि ते त्याच्याकडे राबत होते. याच माणसाने मुलांना शिकायला मॅसॅच्युसेट्सला पाठवलं, 1835 मध्ये फिलाडेल्फियाला स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या अधिवेशनाला हजेरी लावली. याची सारवासारव तू करू नकोस, त्याच्यावर खटलाही भरू नकोस. पण त्या बाकांवर रंधा कुणाकुणाचा फिरला, हे आपण सांगू शकत नाही. म्हणून ‘डेने बनवले’ नको, ‘डेच्या कारखान्यात बनले’ असं लिही.

1848 मध्ये डेने घेतलेली युनियन टॅव्हर्न या जुन्या सराईची इमारत गावातच आहे, तीही बघून ये. बाकांच्या खालच्या बाजूचेही फोटो लागतील. चर्चवाल्यांची परवानगी आधी काढ, मग दुसरा मसुदा पाठव.