एक्स8 1.1 दिसतंय म्हणून मदरबोर्ड बदलू नका

भाऊ, तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये जीपीयू-झेड (ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम) दाखवतंय "पीसीआयई एक्स16 3.0 @ एक्स8 1.1", म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातली पीसीआय एक्सप्रेस जोडणी, आणि दुकानदार म्हणतो बोर्ड गेला. थांबा जरा. हे दोन वेगळे आकडे आहेत.

1.1 हा वेग. कार्डाला काम नसलं की वीज वाचवायला ही जोडणी (लिंक) आपणहून सेकंदाला 2.5 गिगाट्रान्सफरवर उतरते. त्या ओळीशेजारचं प्रश्नचिन्ह दाबून टेस्ट चालवा. लोड आल्यावर 3.0 दिसलं की तो विषय संपला.

एक्स8 म्हणजे चालू लेन, डेटा ये-जा करायच्या वाटा, आठ. आरटीएक्स 4060 किंवा आरएक्स 6600 कार्ड असतं तर मी काही बोललोच नसतो, ती मुळात आठ लेनचीच. तुमचं 1660 सुपर मात्र सोळाचं. दुसऱ्या लांब स्लॉटात काही लावलंय का ते आधी पाहा. काही बोर्डांवर सोळा लेन आठ-आठ वाटल्या जातात. तसं नसेल तर मला संशय स्लॉटचाच.

जुन्या पीसीआयला 32 तारांवरचे बिट एकदमच पोचवावे लागायचे, आणि सेकंदाला 133 एमबीचा तो रस्ता सगळ्या कार्डांत सामाईक. पीसीआय एक्सप्रेसमध्ये प्रत्येक लेनला जायला तारांची एक जोडी, यायला एक. जोडीतल्या दोन तारांवर सिग्नल एकमेकांच्या उलट असतो. बाहेरचा गोंधळ दोन्हींवर सारखाच चढतो आणि पलीकडे वजा होऊन जातो. मशीन सुरू होताना दोन्ही टोकं कोणत्या लेन चालतात ते तपासून घेतात. वरच्या आठांतली एक जरी बोलली नाही तरी पंधरा मिळत नाहीत, सरळ आठ.

आणि तुमचं दुकान कापसाच्या जिनिंगला लागून आहे असं तुम्हीच लिहिलंय! हंगामात उडणारी रुई स्लॉटच्या फटीत जाते आणि कार्ड बसवताना तिथेच दाबली जाते. टॉर्च मारून पाहा, पांढरट नमदा दिसेल. वायर काढा, पॉवर बटन थोडा वेळ दाबून ठेवा, खटका दाबून कार्ड काढा. कोरड्या मऊ ब्रशने स्लॉट झाडा, कार्डाचे सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर नको, खोडरबरही नको, त्याचा चुरा परत आतच पडतो. पूर्ण वाळल्यावर खटका वाजेपर्यंत बसवा आणि स्क्रू आवळा. जड कार्ड लोंबलं तरी दात सुटतात.

इतकं करूनही आठच राहिले तर राहू द्या. 3.0 च्या आठ लेन म्हणजे एका दिशेला सेकंदाला जवळपास 8 जीबी, आणि तुमचं लग्नाचं फुटेज ज्या फिरत्या हार्ड डिस्कवरून येतं ती 200 एमबीच्या आसपासच दमते. बोर्डाचे पैसे एसएसडीत घाला.