जुनी आउटबोर्ड मोटार फुल्ल दिली की थोड्या वेळानं दम सोडायली, रिंगा गेल्या असतील का?

राम राम भाऊ. तुमचं म्हणणं असं की माजलगाव धरणावर चालवायला कोकणातून होडीच्या मागं लावायची वापरलेली १५ एचपीची टू-स्ट्रोक मोटार आणली, एका दोरीत चालू होते, पण पाच मिनिटं फुल्ल दिली की आवाज बसून गळपटते अन् हळू केली की परत ठीक, आणि मिस्त्री म्हणायलाय रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) गेल्या, बोअर करा, म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठा करा. थांबा जरा, इंजिन खोलू देऊ नका. रिंगा गेलेली मोटार पहिल्यापासूनच ढिली असते, चालू व्हायलाच रडते, ती आधी जोरात पळून मग बसत नाही.

मी पाणबुडी पंप अन् होड्यांच्या मोटारींचं काम करतो. दम जातो म्हणलं की माझा पहिला प्रश्न एकच, आवाज चढतो का उतरतो? चढला अन् होडी जागीच रेंगाळली तर इंजिन चांगलंय, पंखा घसरायलाय. पंख्याच्या मधी रबराचा बुश असतो, तो जुना झाला की उगाच फिरतो. नट काढून आतल्या धातूच्या नळीवरून बाहेरच्या अंगावर नेलपॉलिशची एक सरळ रेघ मारा, परत बसवून एक चक्कर मारून या, रेघ तुटून दोन जागी दिसली की समजा बुश गेला. पंखा काढलाच तर शाफ्टला गुंडाळलेला जाळ्याचा नायलॉन धागा बी काढा, तो मागचं सील कापतो अन् गिअर ऑइलमधी पाणी शिरून ते दुधाळ होतं.

तुमचा आवाज उतरायलाय म्हणजे माझा संशय पेट्रोलवर. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल असतं थोडंच, फुल्ल दिली की येतं त्याच्यापेक्षा जास्त जळतं, वाटी रिकामी झाली की मोटार बसते, हळू केली की वाटी परत भरते. तवा एका जणाला सोबत घ्या अन् दम जायला लागला त्याच टायमाला त्याला नळीवरचा रबरी फुगा दाबायला लावा. दाबल्यावर मोटार उचलली तर इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटलाय नाहीतर नळी कुठंतरी हवा ओढायली. फुगा आपोआप चपटा होऊन बसला असेल तर अडकलंय टाकीकडं, आधी झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा (तो बंद ठेवून मोटारीला शिव्या देणारे लई बघितलेत मी). दाबून काहीच फरक नाही पडला तर मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) साफ करा, मग प्लग अन् त्याला ठिणगी देणारी कॉइल बघा, काही कॉइल गरम झाल्यावरच मिसिंग मारतात.

नळी वरून नवी दिसली तरी बदलूनच टाका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतंय, जुन्या नळीचं आतलं रबर त्यानं सुटतं अन् तुकडे फुग्याच्या व्हॉल्व्हमधी जाऊन बसतात. इथेनॉल पाणी बी ओढतं, टाकीच्या तळाचं थोडं काचेच्या बाटलीत काढून बघा, दोन थर दिसले तर ते वापरायचं नाही.

मोटार खाऱ्या पाण्यातली हाय म्हणून मोटारीच्या मागून पडणारी थंड करायच्या पाण्याची धार बी बघा. थंड करायच्या वाटा मिठानं बुजतात, अन् मग गरम होऊन बी अशीच दमते. धार बारीक किंवा वाफाळ लागली तर इंपेलर (पाणी ओढणारा रबरी पंखा) अन् थर्मोस्टॅट (गरमीप्रमाणं पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) काढून बघा, तोवर फुल्ल देऊ नका, पिस्टन गरम होऊन सिलिंडरमधी अडकला तर मिस्त्रीचं म्हणणं खरं होईल.

कोणी म्हणल इकडं उंचावर हवा पातळ, म्हणून ताकद कमी. आपल्याकडल्या जायकवाडी धरणाची पूर्ण पातळी धरली तरी समुद्रापासून १५२२ फूट, तेवढ्या उंचीला चारपाच टक्के फरक पडतो, अन् तो पहिल्या मिनिटापासून असतो.

एवढं करून बी नाही जमलं तर कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावा, दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, प्लगच्या दोन्ही वायरी इंजिनच्या धातूला टेकवून (अर्थ करून). दोन्ही सिलिंडर चांगले अन् जवळजवळ सारखे आले तर रिंगांचा विषय सोडा, एक बराच खाली आला किंवा दोन्ही बी कमी आले तरच बोअरचं बोला.