अभ्रकाच्या भुकटीमागचे हात

प्रश्न : मकरपुरा औद्योगिक वसाहतीत आमचा रंगद्रव्यांचा छोटा कारखाना आहे, कामगार 22. मोटारींच्या आणि सौंदर्यप्रसाधनांच्या रंगांना मोत्यासारखी झाक आणण्यासाठी आम्हांला अभ्रकाची भुकटी लागते. ती आम्ही एका व्यापाऱ्याकडून घेतो आणि झारखंडातील गिरिडीहकडून ती येते, एवढेच आम्हांला ठाऊक आहे. आता युरोपातील एका ग्राहकाने आपली आचारसंहिता पाठवून ‘आमच्या पुरवठ्याच्या कोणत्याही टप्प्यावर बालकामगार नाही’ अशा निवेदनावर सही मागितली आहे. व्यापारी म्हणतो, “करून टाका, सगळेच करतात.” माझा मुलगा म्हणतो, झारखंडचा माल बंद करून कृत्रिम अभ्रक घेऊ, म्हणजे प्रश्नच मिटेल. अशा संहिता ऐच्छिक असतात, असेही ऐकतो. मी काय करावे?
— एक कारखानदार वाचक, बडोदे

उत्तर : त्या वाक्याखाली, ते आहे तसे, सही करू नये. ते खरे आहे की खोटे हे आपल्याला माहीत नाही, आणि जे माहीत नाही त्याची हमी देणे हे खोटे बोलण्याच्या फार जवळचे आहे.

झारखंडातील कोडरमा व गिरिडीह आणि बिहारमधील नवादा या पट्ट्यात अभ्रकाच्या पुष्कळ खाणी 1980 च्या वनसंरक्षण कायद्यानंतर बंद पडल्या. अभ्रक मात्र जमिनीतच राहिले आणि त्याची मागणीही राहिली. जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून आणि हाताने खणलेल्या बिळांतून तेथील कुटुंबे अभ्रकाचे तुकडे वेचतात. त्याला तिकडे ढिबरा म्हणतात. त्यात मुलेही असतात, कारण ती अरुंद जागेत शिरू शकतात आणि आईबापांना एकट्याच्या वेचणीवर घर चालवता येत नाही. 2016 मध्ये टेर दे झोम या मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात अशा मुलांची संख्या सुमारे 22,000 असल्याचा अंदाज दिला होता. वेचलेला ढिबरा गावच्या खरेदीदाराकडून मोठ्या व्यापाऱ्याकडे, तेथून दळणाऱ्या कारखान्याकडे आणि मग आपल्यापर्यंत येतो. या वाटेवर कायदेशीर आणि बेकायदा माल एकत्र होतो. म्हणून आपल्या व्यापाऱ्याचे ‘सगळेच करतात’ हे उत्तर मला फार काळजीचे वाटते.

‘ऐच्छिक’ या शब्दाविषयी थोडे स्पष्ट लिहितो. मुलाला खाणीत लावणे हा आपल्या देशात कोणाच्या इच्छेचा विषय नाही. खाण कायद्याने 18 वर्षांखालील व्यक्तीला खाणीत काम देता येत नाही. 2016 च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्याने 14 वर्षांखालील मुलांना, कुटुंबाच्या व्यवसायातील मदतीसारखे मर्यादित अपवाद सोडता, सर्वच कामांत बंदी आहे. आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे 138 व 182 क्रमांकांचे करार भारताने 2017 मध्ये मान्य केले आहेत. ऐच्छिक आहे ते एवढेच, की आपल्या फाटकाबाहेर, पुरवठ्याच्या तीन-चार टप्प्यांपलीकडे काय चालते हे विकत घेणाऱ्याने स्वतःहून पाहावे. व्यवसाय आणि मानवी हक्क यांविषयी संयुक्त राष्ट्रांनी 2011 मध्ये मान्य केलेली मार्गदर्शक तत्त्वे आणि युनिसेफ, संयुक्त राष्ट्रांचा उद्योगांसाठीचा ग्लोबल कॉम्पॅक्ट हा उपक्रम व सेव्ह द चिल्ड्रन यांनी 2012 मध्ये मांडलेली बालहक्क व व्यवसायविषयक दहा तत्त्वे हेच सांगतात. आपल्याकडे सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने 2022-23 पासून शेअर बाजारातील पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना जबाबदारीचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला आहे, त्यातही बालमजुरीच्या तक्रारींची माहिती द्यावी लागते. आपला कारखाना त्यात बसत नाही; पण आपला माल घेणारे बसत असतील, तर हा प्रश्न देशातूनही आपल्या दाराशी येईल.

अशा मानकांचा उपयोग होतो का? त्यामागे कोण पाहणी करते आणि पैसा कोण मोजतो, यावर ते अवलंबून असते. 1994 मध्ये कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने गालिच्यांसाठी सुरू झालेले रगमार्क हे प्रमाणचिन्ह, म्हणजे आजचे गुडवीव्ह, मला आदराने सांगावेसे वाटते. तेथे तपासनीस न कळवता विणकामाच्या मागापर्यंत जातात, प्रत्येक लेबलला स्वतंत्र क्रमांक असतो आणि सोडवलेल्या मुलाच्या शिक्षणाची सोय केली जाते. याउलट कोकोच्या बड्या कंपन्यांनी 2001 मध्ये बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार 2005 पर्यंत थांबवण्याचे मान्य केले. ती मुदत पुढे पुढे सरकत गेली आणि 2020 च्या शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेच्या अहवालात आयव्हरी कोस्ट व घाना येथे कोकोच्या कामात सुमारे 15.6 लाख मुले आढळली. अभ्रकासाठी 2017 मध्ये रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह हा उद्योगांचा गट स्थापन झाला. त्यानेही बालमजुरी संपवण्यासाठी आधी 2022 चे लक्ष्य ठेवले होते, ते आता 2030 वर गेले आहे. तरीही तो निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, कारण एकट्या छोट्या खरेदीदाराला गिरिडीहच्या गावापर्यंत पोहोचता येत नाही, गटाला येते.

आता आपल्या चिरंजिवांच्या सूचनेविषयी. त्यांचा हेतू चांगला आहे; पण माल तोडल्याने आपला कागद स्वच्छ होईल, ते मूल तेथेच राहील. 1993 मध्ये अमेरिकेत बालमजुरांनी बनवलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घालणारे विधेयक येताच बांगलादेशातील कपडा कारखान्यांनी मुलांना घाईघाईने काढले, आणि त्यांतली अनेक अधिक धोक्याच्या कामाला लागली. या अनुभवातून 1995 मध्ये कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना व युनिसेफ यांनी करार केला, की मुलाला शाळेत जागा मिळेपर्यंत त्याला काढायचे नाही. बडोदेकरांना हे नवे वाटू नये. महाराजा सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेलीत सक्तीचे शिक्षण सुरू केले तेव्हा सक्तीबरोबर शाळाही उभ्या केल्या, आणि मगच 1906 मध्ये ते संस्थानभर लागू केले.

म्हणून ग्राहकाला खरे लिहावे : आमच्या कारखान्यात 18 वर्षांखालील कोणीही नाही, भुकटी अमुक व्यापाऱ्याकडून येते, त्यामागची वाट आम्ही एका वर्षात शोधून कळवू. व्यापाऱ्याकडून दळणाऱ्या कारखान्याचे नाव आणि खनिज वाहतुकीचे चलान मागावे, आणि ते दिल्याशिवाय पुढची ऑर्डर देऊ नये. मकरपुऱ्यात अभ्रक वापरणारे आणखी कारखाने असतील, त्यांना बरोबर घेऊन एकत्र मागणी करावी. आणि ग्राहकालाही निःसंकोचपणे विचारावे की या शोधाचा खर्च व वेचणाऱ्यांना वाढीव दर देण्यासाठी लागणारे पैसे ते मालाच्या किमतीत धरणार आहेत का, कारण दर तोच ठेवून हमी तेवढी पाठवायची, ही पद्धत मला अन्यायाची वाटते.

प्रश्न : आमच्या कंपनीत बालमजुरीविरोधी धोरणाचा फलक लावला आहे, पण कँटीनच्या ठेकेदाराकडे चहा आणणारा मुलगा बारा वर्षांहून मोठा दिसत नाही. मी साधा कर्मचारी आहे.
— एक वाचक, वाघोडिया रोड

उत्तर : ठेकेदाराची माणसेही त्या फलकाच्या कक्षेत येतात, व्यवस्थापनाला हे लेखी कळवा आणि त्याची प्रत ठेवा. 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर आपण स्वतःही फोन करू शकता. मात्र त्याआधी ठेकेदाराला जाब विचारू नका. तसे केले तर मुलाला रातोरात दुसरीकडे हलवले जाण्याची भीती असते. मुलाशी मायेने बोलून त्याचे गाव कोणते, येथे त्याचे कोण आहे, हे समजले तर फोन करताना सांगा. बालकल्याण समितीला त्याच्या घरापर्यंत पोहोचायला त्याचा उपयोग होईल.