ऑगस्टमध्ये सोलहून चार दिवस बुसानला जातोय, विद्यार्थ्याच्या बजेटमध्ये काय बघू आणि काय खाऊ?

तुम्ही लिहिलंय की सोलला एक्सचेंजवर आहात, एकटेच जाताय, मासे चिकन डुक्कर सगळं चालतं फक्त बीफ नको, आणि प्रत्येक यादीत हेउंदे बीच पहिल्या नंबरवर दिसतोय तर राहायचं तिथेच का. मी बुसानलाच मास्टर्स करतेय आणि मूळची मालवणची आहे, त्यामुळे समुद्र आणि मासे हे दोन्ही विषय माझ्या जिव्हाळ्याचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हेउंदेला राहू नका. ऑगस्ट म्हणजे अख्ख्या कोरियाची सुट्टी, तिथले रेट या दिवसांत खूप चढतात आणि बदल्यात मिळतं काय तर काचेच्या उंच बिल्डिंगा आणि छत्र्यांच्या रांगा. नाम्पो किंवा सॉम्यॉनला गेस्टहाऊसमधे डॉर्मचा बेड बघा. नाम्पो म्हणजे जुनं बंदर, मेट्रोच्या १ नंबर लाईनवर, आणि सॉम्यॉनला १ आणि २ या दोन्ही लाईन मिळतात. माझं सरळ मत आहे की चारपैकी निदान दोन दिवस या जुन्या बंदराच्या बाजूला द्या, कारण बुसान जे काही आहे आणि बुसानचे लोक जे काही खातात ते सगळं तिथून आलंय.

थोडा इतिहास सांगावाच लागेल, त्याशिवाय पुढचं लक्षात येणार नाही. १९५० ला कोरियन युद्ध सुरू झालं, उत्तरेकडचं सैन्य जवळपास सगळा देश घेत खाली आलं, पण बुसान पडलं नाही. १९५३ पर्यंत देशाची तात्पुरती राजधानी इथेच होती आणि लाखो निर्वासित याच डोंगरांवर फळ्या आणि पत्रे ठोकून राहिले. सपाट जागा शिल्लकच नव्हती म्हणून घरं डोंगरावर चढत गेली. गामचॉन कल्चर व्हिलेज जे तुम्ही फोटोत बघितलंय, निळ्या पिवळ्या गुलाबी घरांचं, ती अशीच एक वस्ती. २००९ मध्ये तिथे आर्टचा प्रोजेक्ट झाला आणि मग गर्दी सुरू झाली. थोसॉंग स्टेशनला उतरून छोटी बस वर जाते. लिटल प्रिन्सच्या पुतळ्याशेजारी फोटोला लांब रांग असते, तिथे वेळ घालवण्यापेक्षा सकाळी लवकर जा आणि मागच्या गल्ल्यांमधे फिरा, फक्त लोक तिथे खरंच राहतात तेव्हा आवाज कमी ठेवा आणि कोणाच्या दारात कॅमेरा लावू नका.

आणि गामचॉनला गेलात तर शेजारचं आमी-दोंग अजिबात सोडू नका, बहुतेक लोक सोडतात. जपानी राजवटीत तिथे जपान्यांची दफनभूमी होती. निर्वासितांना राहायला जागा नव्हती म्हणून त्यांनी थडग्यांवरच घरं बांधली आणि थडग्याचे दगड पायाला, पायरीला, भिंतीला वापरले. आजही चालताना एखाद्या घराच्या खाली बघितलं तर सिमेंटमधून चौकोनी दगडाची कड बाहेर आलेली दिसते, त्यावर कोरलेली अक्षरं आणि त्याच दगडावर गॅसचा सिलिंडर उभा, शेजारी टोपलीत वाळत घातलेल्या मिरच्या. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा बराच वेळ काही बोलावंसंच वाटलं नाही. तिकीट वगैरे काही नाही, साधी वस्ती आहे.

तिथून खाली उतरून नाम्पोला या, भूक लागलेली असेलच. जागाल्ची हा कोरियातला सगळ्यात मोठा मासळीबाजार आणि विकणाऱ्या बहुतेक सगळ्या बायका, रबरी बूट, प्लास्टिकचा एप्रन आणि आवाज असा की आपल्याकडची कोळीण आठवलीच पाहिजे. मोठ्या बिल्डिंगमधे खाली टाकीतला जिवंत मासा निवडायचा आणि वरच्या मजल्यावर तो कापून किंवा शिजवून देतात, त्याचे माणशी वेगळे पैसे. पण एकट्याला हे महाग पडतं, एक अख्खा मासा एकट्याने संपत नाही आणि पर्यटक म्हणून भावही जरा चढाच सांगतात, तेव्हा आधी किंमत विचारून घ्या. त्यापेक्षा बाजाराच्या आसपास भाजलेल्या माशांची साधी दुकानं आहेत तिथे बसा, एका माणसाचं जेवण आरामात मिळतं. तव्यावर बांगडा, म्हणजे त्यांचा गोदुंगॉ, आपल्यापेक्षा मोठा आणि जास्त तेलकट, नुसतं मीठ लावलेला, सोबत भात, सूप आणि चार-पाच बानचान, म्हणजे तोंडी लावणी. बांगडा हा बुसान शहराचा अधिकृत मासा आहे, मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. मसाला नाही म्हणून नाक मुरडू नका, ताज्या माशाला इतकं पुरतं. गाल्ची म्हणून लांब चंदेरी मासा दिसेल तो आपल्या वाकटीच्या घरातला, तोही छान.

रस्ता ओलांडला की बिफ स्क्वेअर (नाव बुसानच्या फिल्म फेस्टिव्हलवरून, बीफशी संबंध नाही), तिथे स्सिआत होत्तॉक खायचाच. भरपूर तेलात गोल पोळी तळतात, आत साखर वितळलेली, मग कात्रीने तिचं तोंड उघडतात आणि चमचाभर सूर्यफुलाच्या, भोपळ्याच्या बिया आणि दाण्याचा कूट आत कोंबून कागदी कपात उभी करून हातात देतात. लगेच चावू नका, आतला पाक जीभ भाजतो. मागेच बुप्यॉंगचा कांगथोंग बाजार, युद्धानंतर अमेरिकन सैन्याकडून आलेले डबे इथे विकायचे म्हणून ते नाव पडलं, २०१३ पासून तिथे रोज रात्री खाण्याच्या गाड्या लागतात. बिबिम-दांगम्यॉन शोधा, रताळ्याच्या पारदर्शक शेवया लाल सॉसमधे कालवून देतात, गरिबीतला पदार्थ, स्वस्त आणि पोटभर.

ऑमुक म्हणजे माशाच्या लगद्याच्या पट्ट्या काडीला खोचून गरम पाण्यात ठेवलेल्या, तो सोलला पण मिळतो पण बुसानच्यात मासा जास्त असतो आणि चवीत लगेच कळतं. उभ्याने खायचं, काड्या बाजूला ठेवायच्या, शेवटी त्या मोजून पैसे, आणि कपात ते गरम पाणी फुकट हवं तितकं. त्याच भांड्यात तांदळाचा पांढरा त्तॉक पण काडीवर बुडवलेला असतो, मुल-त्तॉक, सोलला सहसा दिसत नाही, तो घ्याच. योंगदो बेटावर समजिन ऑमुकचं १९५३ चं मूळ दुकान आहे, बेकरीसारखं ट्रे घेऊन निवडायचं.

आता दोन पदार्थ ज्यासाठी खरं तर बुसानला यावं. पहिला द्वेजी गुकबाप. डुकराची हाडं तासन् तास उकळून पांढरट झालेलं पाणी, त्यात मांसाचे तुकडे आणि भात. सॉम्यॉन बाजारात याची एक गल्लीच आहे, काही दुकानं रात्रभर चालू, वाडगा साधारण १० हजार वॉनच्या आसपास, एकट्याने बसायला अजिबात अडचण नाही. समोर आल्यावर ते फिकं लागेल, ते तसंच देतात, चव आपण लावायची. आधी बाजूच्या पांढऱ्या शेवया टाकून खाऊन घ्या नाहीतर फुगतात, मग सेउजॉत म्हणजे खारवलेला जवळा थोडा थोडा टाकून मीठ बघा, मग तिखट लावलेली ती हिरवी पात, बुचू, मूठभर सूपमधे ढकलून द्या आणि वरून दादेगी, म्हणजे लाल तिखट मसाला. जवळा आमच्याकडचाच म्हणायचा, त्यामुळे मला हा पदार्थ पहिल्या दिवसापासून परका वाटलाच नाही. निर्वासितांच्या काळात हाडांपासून पोट भरायची सोय म्हणून हा शहरभर पसरला.

दुसरा मिलम्यॉन. उत्तरेकडच्या लोकांना त्यांचं थंड नेंगम्यॉन हवं होतं, पण त्याला लागतं ते बकव्हीटचं पीठ इथे मिळेना, अमेरिकेच्या मदतीतून आलेला गव्हाचा मैदा मात्र होता, मग त्यात स्टार्च घालून शेवया केल्या आणि आता तो बुसानचा स्वतःचा पदार्थ झालाय. वर बर्फाचा चुरा, काकडी, मुळा, अर्धं अंडं, लाल सॉसचा गोळा. कात्रीने दोन वेळा कापायचं, व्हिनेगर आणि मोहरी घालायची. ऑगस्टच्या दुपारी दीड-दोन वाजता घामाने निथळत आत शिरल्यावर पहिला घोट जो जातो ना, बस. पण तुमच्यासाठी एक गोष्ट नीट ऐका, याचं पाणी बऱ्याच ठिकाणी गाईच्या हाडांचं असतं, काही ठिकाणी डुकराचं, तेव्हा आत जाऊन "सोगोगी युक्सु-येयो?", म्हणजे पाणी बीफचं आहे का, असं विचारा, हो म्हणाले तर पुढचं दुकान. नुसतं "सोगोगी प्पे जुसेयो", म्हणजे बीफ काढून द्या, असं म्हणून उपयोग नाही, तेव्हा ते वरचे तुकडे काढतील, पाणी तेच राहील.

जोगे-गुई म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या शिंपल्या किंवा नाकगोप्से म्हणजे ऑक्टोपस, आतडी आणि कोळंबीचा तिखट रस्सा असं काही खायचं मनात असेल तर हे बहुतेक किमान दोन माणसांचं देतात, गेस्टहाऊसमधे कोणी सोबत मिळालं तरच जा. नाकगोप्सेमधला गोप म्हणजे आतडी, ती बरेचदा गाईची, म्हणून तुम्ही तो सोडलेलाच बरा.

योंगदोसाठी अख्खा एक दिवस ठेवा. शनिवार असेल तर दुपारी २ ला योंगदोचा पूल वर उचलतात, १९३४ चा पूल, युद्धात ताटातूट झालेली माणसं "योंगदोच्या पुलाखाली भेटू" सांगून निघायची आणि मग तिथे येऊन वाट बघत बसायची. पुढे हिन्यॉउलची पांढरी घरं कड्यावर आणि खाली समुद्राला लागून चालायचा रस्ता, समोर मोठी जहाजं नांगर टाकून उभी. संध्याकाळपर्यंत थेजोंगदेचे कडे. तिथे खाली खडकांवर कधी कधी हेन्यॉ बायका, म्हणजे समुद्रात बुडी मारून शिंपल्या काढणाऱ्या, ताजा माल कापून देतात.

हेउंदे बाजूला तिसरा दिवस. बीच साधारण दीड किलोमीटरचा, चांगला आहे, पोहा जरूर, पण तरंगत्या दोरीच्या आतच आणि लाईफगार्ड असतील त्याच वेळात, कारण तिथे आत ओढणारा प्रवाह होतो आणि उन्हाळ्यात जेलीफिशही येतात. आपण किनाऱ्यावर वाढलो म्हणून सगळे समुद्र आपल्याला कळतात असं नसतं. शेजारी जुन्या रेल्वेलाईनवर आता बीच ट्रेन आणि वर रंगीत स्काय कॅप्सूल चालतात, कॅप्सूल अख्खी घ्यावी लागते म्हणून एकट्याला महाग, पण रुळांच्या बाजूने मिपो ते सोंगजॉंग लाकडी वाट आहे, ४.८ किलोमीटर, फुकट, दृश्य तेच. तिथून बसने हेदोंग योंगगुंगसा, १३७६ मध्ये स्थापन झालेलं समुद्राच्या खडकांवरचं देऊळ, गर्दी खूप असते, सकाळी जमलं तर जा. रात्री ग्वांगाल्लीला बसा, समोर पुलाचे दिवे, शनिवारी ८ आणि १० ला ड्रोन शो, वारा जास्त असला की रद्द होतो.

एक गोष्ट जी मला स्वतःला इथे आल्यावर खटकत होती, हेउंदे आणि ग्वांगाल्लीला सूर्य समुद्रात बुडत नाही. त्यासाठी दादेपो, १ नंबर लाईनचं शेवटचं स्टेशन. तिथे नाकदोंग नदी समुद्राला मिळते, पाणी लांबपर्यंत गुडघाभर, ओहोटीला ओली वाळू आरशासारखी, पोरं खेकडे शोधत असतात. कोकणातला कोणीही तिथे खुश होईल. पर्यटक कमी, स्थानिक कुटुंबं जास्त.

चौथ्या दिवशी निघायच्या आधी वेळ उरला तर २ नंबर लाईनवर देयॉन स्टेशनजवळ संयुक्त राष्ट्रांची दफनभूमी आहे, अशी जगात एकच. आपल्या लष्कराची ६० वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी १९५० च्या नोव्हेंबरमध्ये याच बंदरात उतरली होती, लढायला नाही, जखमींवर उपचार करायला, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं म्हणून मुद्दाम सांगितलं.

बाकी प्रवासाचं, सोलहून केटीएक्स ही वेगवान ट्रेन अडीच-पावणेतीन तास आणि जवळपास ६० हजार वॉन, मुगुंगह्वा ही साधी ट्रेन पाच-साडेपाच तास पण अर्ध्याहून कमी पैशात, वेळ आहे तर तीच घ्या, फक्त ऑगस्टची तिकिटं आधी काढा, शनिवार-रविवारची लगेच संपतात. सोलचं मेट्रो-बसचं टीमनी कार्ड इथे चालतं. चालायचा रस्ता गूगल मॅपवर नीट दिसत नाही, नेव्हर मॅप टाका. जुलै अखेरपर्यंत पाऊस सहसा ओसरतो पण ऑगस्टमध्ये टायफून येऊ शकतो, इशारा आला की बीच, कड्यांवरचे रस्ते सगळं बंद करतात, त्या दिवशी हट्ट न करता सॉम्यॉनला जाऊन गुकबाप खा किंवा एखाद्या जिमजिलबांगमधे, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात, दिवसभर पडून राहा, थोड्या पैशात गरम पाणी आणि झोपायची जागा दोन्ही मिळतं. तारखा नक्की झाल्या की खाली लिहा, आमच्या युनिव्हर्सिटीच्या बाजूला असाल तर गुकबापचं चांगलं दुकान दाखवते.