पर्यावरणाच्या वादांमध्ये हिंसा म्हणजे फक्त मारहाण आणि खूनच का?

नाही. खून दिसतो म्हणून मोजला जातो, एवढंच. ब्राझीलमध्ये जंगलतोडीविरुद्ध लढणाऱ्या चिको मेंडिस यांना १९८८ मध्ये त्यांच्या घरीच गोळी घातली. नायजेरियात तेलामुळे होणाऱ्या नासाडीवर बोलणाऱ्या केन सारो-विवा यांना १९९५ मध्ये लष्करी राजवटीने खटल्याचा देखावा करून फाशी दिली. म्हणजे कोर्टकचेरीही हत्यार बनते. आपल्या मावळात ऑगस्ट २०११ मध्ये पवना जलवाहिनीच्या आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले.

पण मी नाशिकचा, मला दुसरा प्रकार जास्त खुपतो. नॉर्वेचे शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये त्याला संरचनात्मक हिंसा म्हटलं: मारणारा हात दिसत नाही, व्यवस्थाच माणसाला झिजवते. आमच्या जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांकडे बघा. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कागदावर वनखात्याची. सातबारा नावावर नाही, म्हणून पीककर्ज मिळवताना नाकी नऊ येतात. अशा जमिनीवर कसणाऱ्याचा हक्क मानणारा वनहक्क कायदा २००६ चा, तरी मार्च २०१८ मध्ये पायाला फोड आलेली माणसं नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेली, त्यात वनजमिनीचे दावे ही एक मुख्य मागणी होती.

या दोन्हींच्या मधे धमकी येते. वाळूउपशाची तक्रार केली की आधी ‘कशाला भानगडीत पडता’ म्हणून ओळखीच्याच माणसाचा फोन, मग घरासमोर गाडी, मग उलटी केस. अंगावर ओरखडाही नसतो, त्यामुळे पोलिसांत साधी अदखलपात्र नोंद करून घ्यायलाही घाम फुटतो.